साचा जुना, अडसर इथला : तरुण मुलींसाठी प्रेमकथा कशी रचावी

मराठी कथांच्या कोणत्याही अॅपवर प्रेमकथांचा विभाग उघडला, की तीच ओळखीची मंडळी भेटतात : कराराने लग्न केलेले जोडपे, ऑफिसातला तापट बॉस, घरच्यांच्या समाधानासाठी जुळवलेले खोटे नाते, गाव सोडून गेलेला आणि काही वर्षांनी मोठा अधिकारी होऊन परतलेला पहिला प्रियकर. या साच्यांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. परंतु प्रेमकथा वाचणारी मुलगी साच्याकडे पाहूनच कथा निवडते, हे ज्याला मान्य नाही त्याने या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये. शेवट गोड होणार, हे तिला पहिल्या भागापासून माहीत असते. तिची उत्सुकता वेगळीच असते : त्या दोघांच्या मध्ये नेमके काय उभे आहे आणि ते कोण, कशाच्या बळावर बाजूला करणार? म्हणून साचा जुना असला तरी चालतो. अडसर मात्र खरा आणि इथला हवा, आणि तो हलला पाहिजे नायिकेच्या निर्णयाने. पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

हे साचे आजचे नाहीत. मालक आणि मोलकरीण ही जोडी सॅम्युअल रिचर्डसनने इंग्रजी कादंबरीत १७४० मध्येच आणली, आणि गर्विष्ठ, श्रीमंत पुरुषाचा आधी तिटकारा करणारी व पुढे त्याच्यावर प्रेम करणारी नायिका जेन ऑस्टेनने १८१३ मध्ये वाचकांसमोर ठेवली. लंडनमध्ये १९०८ साली निघालेली मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९३० च्या दशकात प्रेमकादंबऱ्यांकडे वळली आणि त्या साच्यांची पेपरबॅक आवृत्ती पुढे आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतही पोहोचली. मराठीत ना. सी. फडक्यांनी सुशिक्षित, शहरी प्रेमिकांची जोडी लोकप्रिय केली, तर मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातली घुसमट अशी मांडली की हे लिहिणारी बाई कोण, यावरून गदारोळ उठला. आज मोबाइलवर प्रेमकथा वाचणाऱ्या मुलीला या दोन्ही गोष्टी हव्या असतात : पहिल्या प्रवाहातली हुरहुर आणि दुसऱ्यातला खरेपणा.

पहिली पायरी : साच्यामागचा प्रश्न ओळखा

प्रत्येक साचा म्हणजे नायिकेसमोरचा एक प्रश्न असतो. तो एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर कथेला अजून सुरुवात करू नये.

वैरातून प्रेम या साच्यात प्रश्न असा असतो : या माणसाबद्दल मी जे ठरवून बसले होते ते कितपत खरे आहे, आणि ते बदलताना माझे काय पणाला लागेल? येथे एक चूक सर्रास होते. नायिकेचा राग निव्वळ गैरसमजातून आलेला दाखवतात, त्यामुळे गैरसमज फिटला की ती मूर्ख ठरते. तिचा राग निदान अर्धा तरी रास्त असावा. नायकाने, किंवा ज्यांच्या बाजूने तो उभा आहे त्यांनी, तिचे खरोखर काही नुकसान केलेले असावे.

खोट्या नात्याच्या साच्याला प्रेक्षक लागतात. चुलत बहिणीच्या लग्नात, गौरीगणपतीत, ऑफिसच्या पार्टीत ही दोघे सगळ्यांसमोर जोडपे म्हणून वावरतात. परंतु ज्या क्षणी पाहणारे कोणीच नसते आणि तरीही एखाद्याचा हात मागे घेतला जात नाही, तो क्षण या साच्याचा कणा असतो. त्यामुळे अशा कथेत गर्दीचे प्रसंग आणि एकांताचे प्रसंग आलटून पालटून यावे लागतात. नुसताच एकांत असेल तर खोटेपणाला अर्थ उरत नाही.

दुसऱ्या संधीच्या कथेत पहिल्यांदा नाते का तुटले, याचे उत्तर दोघांच्याही बाजूने पटले पाहिजे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी दोन मुले घ्या : एकाची निवड होते, दुसरीची थोडक्यात हुकते, आणि तिच्या घरचे आणखी एक वर्ष द्यायला तयार नसतात. यात खलनायक कोणीच नाही आणि तरीही नाते मोडते. अशी कथा पाच वर्षांनंतर पुन्हा सुरू झाली, तर वाचणारीला दोघांचेही म्हणणे कळते.

प्रेमाचा त्रिकोण लिहिताना दोन पुरुष म्हणजे नायिकेला जगता येण्याजोगी दोन आयुष्ये आहेत, असे समजून चालावे. त्यांतला एक लबाड निघाला, की निवड करण्याचा प्रश्नच संपतो आणि लेखकाने पळवाट काढली हे लगेच दिसते. बालपणीच्या मित्राच्या कथेत, होकार चुकला तर मैत्रीही जाईल, ही भीती पुरेशी असते. तेथे बाहेरून संकटे आणू नयेत. एका कथेत एक मुख्य साचा आणि फार तर एक पूरक साचा ठेवावा. तीन-तीन साचे एकावर एक चढवलेल्या कथांमध्ये पात्रांना श्वास घ्यायला जागा राहत नाही.

दुसरी पायरी : नायिकेला प्रेमाच्या आधीचे आयुष्य द्या

येथून पुढे एकच उदाहरण हाताशी धरू. साचा वैरातून प्रेमाचा आहे आणि गाव सांगली. नायिका मुक्ता, वय सव्वीस, नुकतीच सी.ए. झालेली, मिरजेहून रोज सांगलीला एका ऑडिट फर्ममध्ये कामाला येते. तिचे वडील मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत पेढीवर हमाल होते. पोते उतरवताना पाठ गेली आणि ते घरी बसले. तेव्हा कळले, की हमालांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे, त्याखाली मंडळे आहेत, पण पेढीने यांची नोंदणीही केली नव्हती आणि लेव्हीही, म्हणजे हमालांसाठी मालकाने मंडळाकडे भरायची रक्कमही, भरली नव्हती. मुक्ताचे शिक्षण आईच्या शिवणकामावर झाले. आता बँकेने त्याच पेढीला हळदीच्या साठ्यावर दिलेल्या कॅश क्रेडिट कर्जाचे स्टॉक ऑडिट तिच्या फर्मकडे आले आहे आणि पेढी चालवतो आहे जुन्या शेठचा मुलगा, राघव.

येथे मुक्ताला राघव भेटण्याच्या आधीपासून काहीतरी हवे आहे : मिरजेत स्वतःच्या नावाची पाटी आणि वडिलांना त्यांच्या हक्काचे पैसे. नायिका निवडताना ही कसोटी लावावी : कथेतून नायक काढून टाकला, तर तिच्याजवळ गोष्ट उरते का? उरत नसेल, तर ती नायिका नसून नायकाच्या गोष्टीतली पाहुणी आहे. ‘साधी, सुंदर, मनमिळाऊ, सगळ्यांची लाडकी’ असे वर्णन करून सोडलेल्या नायिका याच कारणाने एकमेकींसारख्या दिसतात.

तिच्या कामाचे तपशील नीट माहीत करून घ्यावेत. स्टॉक ऑडिटला गेलेला माणूस पोती मोजतो, बँकेला दिलेल्या स्टेटमेंटमधला आकडा आणि गोदामातला साठा ताडून पाहतो, मालाची प्रत आणि विमा तपासतो. शीतगृहात ठेवलेल्या मालाच्या पावत्या मागतो. हे तपशील कथेवरचे ओझे वाटत असतील, तर ते चुकीच्या जागी आले आहेत असे समजावे. कारण आपल्या उदाहरणात तर सगळा गुंता पोत्यांच्या मोजणीतूनच उभा राहणार आहे.

तिसरी पायरी : अडसर शोधा आणि तो कायद्याच्या, पैशाच्या, नात्यांच्या भाषेत तपासा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. एक साधी परीक्षा अशी, की दोघांपैकी एकाने फोन करून दहा मिनिटे मोकळेपणाने बोलल्यास जो अडसर मिटतो, तो मुळात अडसरच नव्हे. बहिणीला मिठी मारताना नायक दिसला आणि नायिका रडत निघून गेली, यावर वीस भाग ओढलेल्या कथा मला वाचवत नाहीत, आणि प्रतिक्रियांमध्ये वाचकही ‘अगं, विचार ना त्याला!’ असे वैतागून लिहितात, ते योग्यच आहे.

मुक्ता आणि राघव यांच्यामधला अडसर पाहा. स्टेटमेंटमध्ये बाराशे पोती दाखवली आहेत आणि गोदामात नऊशे भरतात. उरलेली तीनशे राघवच्या काकांनी परस्पर विकली आहेत, हे राघवला ठाऊक नाही. मुक्ताने खरा अहवाल दिला, तर बँक कर्जाची मर्यादा कमी करील आणि ऐन हंगामात पेढी अडचणीत येईल. खोटा दिला, तर तिने मिळवलेली सही आणि सी.ए. संस्थेचे सदस्यत्व धोक्यात येईल. कितीही मोकळेपणाने बोलले तरी हा पेच सुटत नाही. त्यातच जिच्या वडिलांना या पेढीने वाऱ्यावर सोडले तिने पेढीचा अहवाल लिहावा का, हा हितसंबंधाचा प्रश्नही आहे. तो तिने फर्मला आधीच सांगायला हवा होता आणि सांगितलेला नाही. अडसरात नायिकेचाही थोडा दोष असला, की कथा एकदम जिवंत होते.

बाहेरच्या अडसराइतकाच आतला अडसर महत्त्वाचा आहे. राघवशी नीट वागणे म्हणजे वडिलांशी बेइमानी, असे मुक्ताला वाटते. राघवला बापाविरुद्ध बोलायची सवय नाही. जातीचा आणि वर्गाचा अडसर मराठी घरात बहुधा थेट शब्दांत येत नाही. ‘मुलगी चांगलीच आहे हो, पण आपल्यातली नाही’ या एका वाक्यात आत्या तो उभा करते. भाषण लिहिण्यापेक्षा असे वाक्य लिहावे.

कॉन्ट्रॅक्ट मॅरेज लिहिणाऱ्यांनी मात्र कायदा जरूर वाचावा, कारण तो कथेच्या फायद्याचा आहे. एका वर्षाने वेगळे व्हायचे, अशा अटीवर लग्न करण्याचा कागद न्यायालयात टिकत नाही. म्हणजे तुमच्या नायिकेच्या हातात असलेला करार मुळात रद्दी आहे आणि दोघांपैकी एकाला हे आधीपासून ठाऊक असणे, हेच एक मोठे वळण होऊ शकते. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे अपवाद वगळता लग्नाला एक वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही, आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. हे ‘वेगळे राहणे’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. एका छपराखाली राहूनही ते शक्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. आता विचार करा : कराराने बांधलेली दोघे एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहतात, वर्ष भरत आले आहे, आणि अर्जावर सही करताना ‘आम्ही वर्षभर पती-पत्नी म्हणून राहिलो नाही’ असे लिहून द्यायचे आहे. ज्या रात्री ते वाक्य खोटे ठरले, त्या रात्रीनंतर सही कशी करायची? हा पेच कोणत्याही गर्भश्रीमंत नायकाच्या हेलिकॉप्टरपेक्षा उजवा आहे.

तसेच पळून जाऊन लग्न करणाऱ्या जोडप्याच्या कथेत विशेष विवाह कायदा, १९५४ मधली तीस दिवसांची नोटीस विसरू नये. दोघांपैकी एक जण किमान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, तेथे नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते अशा ठरावीक कारणांवरच आक्षेप घेता येतो. घरच्यांची नापसंती किंवा जात हे कारण चालत नाही. परंतु नोटीस फलकावर आहे आणि गावातले कोणीही ती वाचू शकते, या तीस दिवसांत एक पूर्ण कादंबरी मावते.

चौथी पायरी : कथेचे टप्पे आखा

पामेला रेगिस या अमेरिकन संशोधिकेने २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे आठ अत्यावश्यक घटक सांगितले. ते ठोकळेबाज नियम नाहीत. त्यांचा क्रम बदलतो, काही घटक पुन्हापुन्हा येतात. आराखडा करताना मात्र त्यांचा फार उपयोग होतो : ज्या समाजात प्रेम घडणार त्याची ओळख, भेट, अडसर, ओढ, प्रेमाची कबुली, सगळे संपले असे वाटण्याचा क्षण, अडसर दूर करणारी जाणीव, आणि शेवटी एकत्र येण्याचा निश्चय.

आपल्या कथेवर हे बसवून पाहू. समाज म्हणजे सांगलीचे मार्केट यार्ड, जेथे शेठने गादीवर आणि हमालाने पायरीवर बसायचे हे कोणी न सांगता ठरलेले असते. भेट गोदामात होते. अडसर वर आलाच आहे. ओढ निर्माण होण्यासाठी दोघांना एकत्र अडकवावे लागते. तेथे हॉटेलात एकच खोली शिल्लक असण्याचा झिजलेला प्रसंग कशाला? सांगलीत ऑगस्टमध्ये जो तो ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारतो, कारण आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी ओलांडते. २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसाला तर हा आकडा ऐकला, की झोप येत नाही. पाणी वाढते आहे, पेढीचे जुने गोदाम नदीकडच्या भागात आहे, पोती वरच्या मजल्यावर हलवायची आहेत, हमाल पुरेसे नाहीत, आणि मोजणी अपुरी राहिली म्हणून मुक्ता तेथेच आहे. त्या रात्री दोघे पोती वाहतात. या प्रसंगाला गावाचे, ऋतूचे आणि कथानकाचे कारण आहे. आणि हलवताना मोजणी आपोआप पूर्ण होते, तीनशे पोती नाहीत हे दोघांनाही एकाच वेळी कळते.

कबुलीचा प्रसंग त्यानंतर आणि अहवालाची मुदत संपण्याआधी यावा. कबुली लवकर आली तर ताण जातो, ही समजूत चुकीची आहे. प्रेम कबूल केल्यानंतरही अहवाल लिहायचाच आहे, म्हणून तर ताण वाढतो.

पाचवी पायरी : नायकाची मर्यादा ठरवा

जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या नियमित वाचक स्त्रियांचा अभ्यास करून १९८४ मध्ये जे मांडले, ते आजही विचारात घेण्यासारखे आहे. त्या बायकांना नायिका बुद्धिमान हवी होती, नायक कणखर पण आतून हळवा हवा होता. बलात्कार, क्रूरपणा आणि दुःखान्त शेवट त्यांना नको होता. आणि वाचन हा घरकामातून स्वतःसाठी काढलेला वेळ होता. दुपारी भांडी आवरून मोबाइल हातात घेणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्यामुळे ‘तू फक्त माझी आहेस’ असे म्हणत मनगट आवळणारा नायक लिहिताना थांबून विचार करावा. मुलीने नाही म्हटल्यावरही तिचा पाठलाग करणे, तिच्या फोनवर पाळत ठेवणे हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ७८ आहे. कथेत वाईट वागणूक दाखवूच नये, असे माझे म्हणणे नाही. प्रश्न असा आहे, की कथा तिला प्रेमाचा पुरावा म्हणून मांडते का. नायकाला हेवा वाटू द्यावा, त्याला चुकूही द्यावे. परंतु त्या चुकीची किंमत त्याने मोजली पाहिजे आणि नायिकेने ती चूक तिच्या नावानेच ओळखली पाहिजे.

बॉसच्या साच्यात हीच काळजी दुप्पट घ्यावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक असलेल्या तुमच्या नायकाला हे माहीत नाही, हे पटत नाही. उपाय कठीण नाही. कबुलीच्या आधी तिचे वरिष्ठ बदलू द्या, तिला दुसरी नोकरी मिळू द्या, किंवा त्यालाच पद सोडू द्या. हा प्रसंग चांगला लिहिला तर तोच कथेतला सर्वांत रोमँटिक प्रसंग ठरतो. कॉलेजच्या कथांबाबत एकच सांगतो : अकरावी-बारावीतली नायिका बहुधा अठरा वर्षांखालची असते, तिची शारीरिक प्रेमकथा लिहू नये, तिला पदवीच्या वर्गात बसवावे.

सहावी पायरी : ओढ प्रसंगातून दाखवा

‘राघवच्या डोळ्यांत पाहताच मुक्ताच्या काळजाचा ठोका चुकला’ हे वाक्य लिहून होते आणि विसरलेही जाते. त्याऐवजी असा प्रसंग पाहा.

गोदामात एकच बल्ब होता. मुक्ताने चौथ्या थप्पीची पोती मोजली, वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

“दोनदा मोजून वाढत नाहीत ती,” राघव दारातून म्हणाला.

“कमी झालेली कळतात.”

तो आत आला. “ही टिचकी मारत मोजायची सवय तुमच्या वडिलांची. तेही असंच मोजायचे.”

मुक्ताचे बोट पोत्यावर थांबले. “तुम्हाला आठवतात ते?”

“शाळा सुटली की मी इथंच असायचो. डबा खाताना निम्मी भाकरी मला द्यायचे.”

“मग पाठ गेल्यावर ते कुठं गेले, हे नाही विचारलंत कुणाला?”

राघव काही बोलला नाही. कोपऱ्यातली शिडी ओढून त्याने थप्पीला लावली. “वरच्या रांगा खालून दिसायच्या नाहीत. चढा, मी धरतो.”

येथे कोणी कोणाला स्पर्श केलेला नाही. मुक्ताने विचारलेल्या प्रश्नाला राघवकडे उत्तर नाही आणि तो ते बनवतही नाही. उलट जी मोजणी त्याच्याच पेढीच्या मुळावर येऊ शकते, तिच्यासाठी तो शिडी धरून उभा राहतो. वाचणारीला या माणसाबद्दल जे वाटायला हवे, ते त्या शिडीने होते. असा प्रसंग लिहिण्यासाठी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : या क्षणी नायकाला काय सोयीचे आहे, आणि तो त्याच्या उलट काय करतो?

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक साधन आयते मिळते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोण, कोणत्या भागात आणि कोणासमोर येते, हे आराखड्यात आधीच नोंदवून ठेवावे. मुक्ता पुराच्या रात्री घाईत ‘अरे, ते पोतं धर!’ म्हणून जाते आणि दुसऱ्या दिवशी फर्ममध्ये साहेबांसमोर पुन्हा ‘तुम्ही’ म्हणते; त्या ‘तुम्ही’ने राघवला जे दुखते, त्यासाठी वेगळे स्वगत लिहावे लागत नाही. अनेक कथांमध्ये नायक पहिल्या भेटीपासून नायिकेला अरे-तुरेवर बोलतो आणि ही संधी वाया जाते. शारीरिक जवळीक किती लिहावी, हे ज्याने त्याने ठरवावे. फक्त त्या प्रसंगानंतर दोघांच्या नात्यात काहीतरी बदललेले असावे.

सातवी पायरी : भाग कोठे तोडायचा

मालिका-कथेचा भाग हजार ते पंधराशे शब्दांचा असला तर फोनवर एका बैठकीत वाचून होतो. भागाच्या शेवटी उत्सुकता हवी, म्हणून दारावर टकटक, फोनवर अनोळखी नंबर, अचानक चक्कर, असे उपाय पुन्हापुन्हा वापरले, तर दहाव्या भागापर्यंत वाचक त्यांना ओळखू लागतात. भाग अपघातावर तोडण्यापेक्षा निर्णयावर तोडावा. मुक्ता फर्मला आपला हितसंबंध कळवणारा मेल लिहिते, तीनदा वाचते आणि पाठवते : येथे भाग संपवा. आता काय होईल, ही उत्सुकता तिने स्वतः निर्माण केली आहे.

पात्रांची वये, नाती, गाव, गाडी, कोण कोणाला काय म्हणून हाक मारते, याचे एक टिपण जवळ ठेवावे. मालिका लांबली की बहिणीची मावसबहीण होते आणि वाचक ते लगेच पकडतात. प्रतिक्रिया वाचाव्यात, त्यांतून कोणते पात्र आवडते आहे ते समजून घ्यावे. परंतु ‘प्लीज त्यांना लवकर एकत्र आणा’ या मागणीला घाबरून अडसर मध्येच विरघळवू नये.

आठवी पायरी : सगळे संपल्याचा क्षण आणि माफी

मुक्ताच्या मेलनंतर फर्म तिला कामावरून बाजूला करते, पण तोवर तिने केलेली मोजणी खरी असल्याने अहवाल तसाच जातो. बँक मर्यादा कमी करते. राघवचे वडील म्हणतात, “हमालाची पोरगी, तिनं डाव साधला.” राघव समोर उभा आहे आणि गप्प आहे. कथेतला सर्वांत वाईट क्षण हा असावा. बँकेच्या निर्णयाने दोघे तुटत नाहीत. त्याच्या गप्प बसण्याने तुटतात. बाहेरच्या संकटाला येथे नायकाच्या आतल्या दोषाची जोड मिळते, आणि मग पुढे काय दुरुस्त व्हायचे आहे ते स्पष्ट होते.

माफीच्या प्रसंगात गुलाबाची फुले, पावसात भिजणे, सगळ्या ऑफिससमोर गुडघ्यावर बसणे हे सगळे स्वस्त आहे, कारण त्यात नायकाचे काही जात नाही. उलट चारचौघांत विचारल्याने नायिकेलाच नाही म्हणणे अवघड होते. माफी ज्या चुकीची आहे, तिच्याच मापाची हवी. राघव ज्यांच्यासमोर गप्प बसला त्यांच्यासमोरच बोलला पाहिजे. तो काकांचा व्यवहार बँकेला स्वतः कळवतो, पेढीतल्या सर्व हमालांची मंडळाकडे नोंदणी करतो, मुक्ताच्या वडिलांच्या थकलेल्या लेव्हीचा हिशेब मांडतो, आणि हे सगळे मुक्ता परत येईल की नाही हे ठाऊक नसताना करतो. तिला ही बातमी त्याच्याकडून कळू नये. यार्डातल्या एखाद्या जुन्या हमालाकडून, वडिलांच्या मार्फत कळावी.

त्यानंतरचा निर्णय तिचा. ती लगेच धावत जात नाही. आधी वडिलांना विचारते, आणि वडील काय म्हणतात ते महत्त्वाचे असले तरी शेवटचा शब्द त्यांचा नसावा.

नववी पायरी : शेवट आणि पुनर्लेखन

गोड शेवट म्हणजे मंगलाष्टका असेच नाही. वाचणारीला हवी असते ती खात्री, की ही दोघे एकत्र राहतील आणि तिला त्यासाठी स्वतःला मोडावे लागणार नाही. म्हणून शेवटच्या दोन भागांत व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे द्यावीत : ती राहणार कोठे, तिचा व्यवसाय कोण सांभाळणार, तिचे आईवडील एकटे पडले तर काय, नाव बदलणार का. मुक्ता मिरजेत पाटी लावते, लग्नानंतरही तेथेच प्रॅक्टिस करते, आणि राघवच्या पेढीचे ऑडिट तिची फर्म घेणार नाही हे ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते. असा एखादा तपशील शेवटाला वजन देतो.

पुनर्लेखन करताना तीन वेगवेगळी वाचने करावीत. पहिल्या वाचनात फक्त नायिकेच्या निर्णयांखाली रेघ मारावी; सलग तीन भागांत एकही रेघ नसेल, तर कथा तिच्या हातून निसटली आहे. दुसऱ्या वाचनात फक्त संवाद मोठ्याने वाचावेत : मिरजेची मुक्ता आणि तिच्या कथेतली पुण्याची मैत्रीण एकाच सुरात बोलत असतील, तर ते दुरुस्त करावे, आणि मालिकांमधून उचललेली, घरात कोणीही न बोलणारी वाक्ये काढून टाकावीत. तिसऱ्या वाचनात नायकाच्या जागी नायिकेच्या नात्यातला एखादा नको असलेला मुलगा कल्पून त्याचे तेच वागणे वाचावे. तेव्हा जे भीतिदायक वाटेल, ते नायक देखणा असला तरी भीतिदायकच आहे.

पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी निदान अर्धी कथा लिहून हाताशी ठेवावी आणि शेवटच्या तीन भागांचा आराखडा पक्का असावा. रोज लिहून रोज टाकणाऱ्याला पाचव्या भागात सुचलेल्या बदलासाठी दुसऱ्या भागात मागे जाता येत नाही, आणि प्रेमकथेतला अडसर बहुतेक वेळा पाचव्या भागापर्यंत आल्यावरच लेखकाला नीट दिसू लागतो.